अंगठ्याच्या बुडाचा फोटो

पिंपळझोरा,
१४ जानेवारी १९८६

मीराले गिरजाबाईचा जयभीम.

आशीर्वाद लिहून नाई राह्यली. तू घेणार नाई, मंग शाई कशाले वाया घालू.

हे पत्र तुले बोलावण्यासाठी नाई, हे आधी वाचून घे, मंग पुढचं वाच. मागल्या आयतवारी देवराव घुग्घुसवरून आला होता. म्हणे, "आई, मीराले पत्र टाक. तू बोलावलं तर ती येईन." मी म्हटलं, "बायको तुही, तू टाक." तर म्हणते, "मले लाज वाटते." कोळशाच्या खाणीत उतराले भेत नाई, अन् कार्डावर चार ओळी लिहाले लाजते. मी नाई म्हटलं. तो गेल्यावर पेन घेतला, पण बोलावण्यासाठी नाई.

अक्षर माहंच आहे. रात्रीच्या वर्गात तूच मले ओढून नेलं होतं. तुहा सासरा म्हणे, म्हातारपणी शिकून काय तहसीलदार होणार आहे का, अन् तू माह्या हातावर हात धरून "ग" गिरवून घेतला. पेनाले चिंधी गुंडाळली आहे. बारीक पेन अंगठ्यात धरवत नाई, म्हणून अक्षर बैल मुतल्यासारखं आलं.

तर अंगठा. उजवा. बुडाशी, मनगटाच्या जरासा वर. तू बोट ठेवून दाखवे तिथीच. लुगडं पिळलं का कळ येते. डब्याचं झाकण फिरवलं का येते. पान मुडपून बिडीचं तोंड बंद करताना तर अशी येते का डोळ्यापुढं पिवळं होते. दिवाळीपासून आहे. कोणाले सांगितलं नाई. तुले सांगून राह्यली, कारण तू गावात नाई.

पण कारखान्याच्या जाफरभाईले कळलं. तो बिड्या घ्याले बसते तेव्हा कोणती बिडी कोणाच्या हातची ते न पाहता ओळखते, तुले ठाऊक आहे. माहं सूप पाहून म्हणे, "गिरजाबाई, ह्या तुमच्या नाईत."

"माह्याच आहेत."

"मंग तोंड काऊन उघडं? तुमची बिडी एकदा तोंड बंद केलं का बंद राहे."

"बिडीचंच ना बापा. माहं तं कधीच बंद नाई झालं."

बाया हासल्या. तोही हासला. अन् हासत हासत अर्ध्या बिड्या छाट म्हणून मोडून टाकल्या. मंग हळूच म्हणे, "बाई, ब्रह्मपुरीले महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी नागपूरची हाडाची डॉक्टरीण येते. फोटो काढून घ्या."

आता मले त्या फोटोचं भेव आहे. हाड चांगलं निघालं तर गाव म्हणेन, म्हातारी ढोंग करते. हाड खराब निघालं तर डॉक्टरीण लिहून देईन का काम बंद करा. मंग कारखान्याच्या रजिस्टरातून नाव जाईन, अन् मी दिवसभर म्हाताऱ्याचं तोंड पाहत बसीन. कसाही निघाला तरी मी अडकली.

तुह्या वेळचं मले आठवत नाई असं समजू नको. तू म्हणे हात दुखते, मी म्हणे कामचुकार आहे. देवरावनं चंद्रपूरले नेऊन फोटो काढला. फोटोवाला म्हणे हाड शाबूत आहे. मी तो फोटो घेऊन विहारात बैठकीत गेली. तुहा भाऊ आला होता. बैठकीतल्या पाच म्हाताऱ्यांपैकी पोचूभाऊनं फोटो खिडकीकडे धरला, पत्रूभाऊनं उलटा करून धरला. मंग म्हणे, "पाच बोटं दिसून राह्यली, तुटलं काईच नाई." पाचही म्हाताऱ्यांनी माना हालवल्या. मी म्हटलं, "पाहा, फोटो खोटं बोलते का?" तू चौकटीले धरून उभी होती. दुसऱ्या दिवशी पंचशीलेले कडेवर घेऊन तू भावासंगं सिंदेवाहीच्या गाडीत बसली. दोन वर्षं होतील फागुनात.

तुहा तो फोटो पेटीत आहे. कोऱ्या फडक्यात गुंडाळून. त्याची काळजी करू नको.

सासरा तसाच. लकव्यानं त्याचे सगळे शब्द नेले, शिव्या तेवढ्या ठेवल्या. अन् एक तुहं नाव ठेवलं. मलेच "मीरा" म्हणते. मी "हो" म्हणून चहा पाजतो.

गिरजाबाई सोमाजी
(सही माही)


पिंपळझोरा,
१० फेब्रुवारी १९८६

मीरा,

तुहं कार्ड भेटलं. दोनच ओळी. "हात अजून दुखते. फोटो पाठवा, इथल्या डॉक्टरले दाखवायचा आहे." बाकी कार्ड कोरं. पंचशीलेबद्दल एक शब्द नाई. बरं केलं, मीबी विचारलं नव्हतं.

फोटोचं शेवटी सांगतो. आधी माहं ऐक.

शनिवारी शेजारच्या बायनाबाईले म्हाताऱ्यापाशी बसवलं अन् ब्रह्मपुरीले गेली. दोन्ही हाताचे फोटो काढले. मी म्हटलं एकच दुखते, तर म्हणे दोन्ही काढू. डॉक्टरीण म्हणजे पोरगीच आहे, कानात काई नाई, गळ्यात काई नाई. भिंतीवर उजेडाची पेटी, तिच्यावर माहे दोन्ही हात टांगले. मेल्यावर कसे दिसतीन ते जित्तेपणीच पाहून घेतलं.

म्हणते, "आजी, कोणता दुखतो?"

मी म्हटलं, "फोटो तुमच्यापाशी आहे. तुम्हीच सांगा."

हासली. म्हणे, "नुसत्या फोटोवरून मला नाही सांगता येणार. दोन्हीकडे अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजला आहे. डावा तर जरा जास्तच."

"डावा तं दुखतच नाई!"

"असं होतं. फोटो हाड दाखवतो आजी, दुखणं दाखवत नाही. ते तुम्हीच सांगायचं असतं."

मीरा, मी तिथी स्टुलावर बसली होती अन् मले विहाराची खिडकी दिसली.

मंग तिनं उजवा अंगठा धरून दाबला अन् जात्याच्या खुंट्यासारखा फिरवला. मी अशी शिवी दिली का कंपाउंडर बाहेर निघून गेला. ती म्हणे, "आता पटलं. उजवाच." फोटोवर पेन ठेवून दाखवलं. अंगठा जिथी मनगटाले भेटते तिथी बोरीच्या बीएवढं एक हाड असते. त्याच्या अन् अंगठ्याच्या मधात काळी फट पाहिजे. माह्यात फटच नाई. हाडावर हाड. कडेले काटे फुटले, बाभळीले फुटते तसे.

मी विचारलं, "मंग आता?"

"आज सुई देते, चामड्याची पट्टी देते. दोन-तीन महिने बरं वाटेल. पण सांध्यात जागाच उरली नाही, म्हणून सुई किती दिवस पुरेल सांगता येत नाही. पुन्हा इतकंच दुखलं तर ते लहान हाड काढून टाकू."

"काढलं तर अंगठा लोंबीन ना!"

"नाही लोंबत. सहा आठवडे प्लास्टर. पुढचे दोन-तीन महिने जपायचं. लुगडं पिळता येईल, भाकर थापता येईल. दिवसभर बिड्या नाही."

"अन् डावा?"

"दुखत नाही ना? मग त्याला काहीच करायचं नाही. मी हाताचं ऑपरेशन करते, फोटोचं नाही."

सहा आठवडे प्लास्टर म्हणते. तिच्या घरी लकव्याचा माणूस नाई. म्हाताऱ्याले दिवसातून चारदा उचलावं लागते, त्याच्या बगलेत हात घालून, अन् सगळा भार अंगठ्यावर येते. मी ऑपरेशन केलं तर त्याले उचलणारं कोणी नाई. नाई केलं तर थोड्या दिवसांनी मीच उचलू शकत नाई. तिले हे सांगितलं. ती खाली पाहत लिहीत राह्यली. ह्याच्यावर तिच्यापाशी औषध नव्हतं.

निघताना म्हणे, "घरात आणखी कोणाला असं दुखतं?" मी म्हटलं, "सुनेले. पण तिचा फोटो साफ निघाला होता." तिनं पेन खाली ठेवला. "वय?" "असेल सव्वीस-सत्तावीस." "तो फोटो पुढच्या वेळी घेऊन या."

आता तुह्या कार्डाचं उत्तर. फोटो पेटीत नाई. कोऱ्या फडक्यातबी नाई. मी खोटं लिहिलं होतं.

तू गेली त्या पावसाळ्यात बिडीचं पान मापात कापाचा पत्र्याचा फरमा हरवला. नवा आणाले तालुक्याले कोण जाते. तुहा फोटो खुंटीवर होता, जाड, गुळगुळीत, वाकत नाई, ओला होत नाई. मी कैचीनं त्यातून फरमा कापला. जुन्या फरम्याएवढाच चौकोन. उरलेलं बायनाबाईनं नेलं, तिच्या खिडकीची काच फुटली होती. तिथी अजून तुही चार बोटं आहेत.

दीड वर्षापासून मी त्याच फरम्यानं पान कापून राह्यली. रोज हजार पानं. त्याच्यावर काय आहे ते कधी पाहिलं नाई. आज तुहं कार्ड आल्यावर चुलीपुढं धरून पाहिलं. अंगठ्याचं बूड आहे. नेमकं तेवढंच.

हे वाचून तू काय म्हणशीन ते म्हण. मी कान झाकून घेणार नाई.

गिरजाबाई


पिंपळझोरा,
९ मार्च १९८६

मीरा,

सुईनं पंधरा दिवस बरं वाटलं. मंग म्हातारा खाटेवरून घसरला, त्याले वर घेतलं, अन् पुन्हा तेच. पट्टी बांधून बिड्या वळतो. जाफरभाई म्हणते, "हात बैलगाडीले जुंपल्यासारखा दिसते."

काल तो फरमा डॉक्टरणीपाशी नेला. पदराच्या गाठीत बांधून नेला, लाज वाटली म्हणून. तिनं हातात घेतला, पालटून पाहिला. म्हणे, "हे काय आहे?"

"माह्या सुनेचा हात."

"आणि बाकीचा?"

"खिडकीले लावला."

ती हासली नाई. मले वाटलं हासीन, मंग मी काईतरी बोलून मोकळी होईन. तिनं तो तुकडा उजेडाच्या पेटीवर लावला. एवढ्या मोठ्या पेटीवर एवढासा तुकडा. कडा पानाच्या चिकानं पिवळ्या झालेल्या. जवळ जाऊन पाहिलं, चश्मा काढून पाहिलं. मंग मले जवळ बोलावलं.

"हाड चांगलंच आहे. फोटोवाला खोटं बोलला नाही. पण ही फट बघा. तुमच्यात नाहीच, आणि हिच्यात हवी त्यापेक्षा जरा रुंद आहे. सांधा सुजलेला असेल, सैल झालेला असेल. सुरुवात अशीच असते. फोटोत जवळपास काही नाही, आणि बाईला मात्र रडू येतं."

"म्हणजे तिले दुखत होतं?"

"ती सांगत होती ना दुखतं म्हणून?"

मी म्हटलं, "सांगत होती."

"मग?"

मी पदराची रिकामी गाठ पुन्हा आवळून बांधली.

मंग तिनं समजावून सांगितलं, ते तसंच लिहितो. एक, ह्या तुकड्यावरून ती काईच लिहून देणार नाई. दोन वर्षं जुना आहे अन् कापलेला आहे. तू स्वतः येऊन नवा फोटो काढायचा. दोन, हाड अजून तसंच असेल तर तुले कापाकापी लागणार नाई. पट्टी लागीन, तीन-चार महिने वळणं बंद, ओझं उचलणं बंद, मंग पकड बदलून थोडं थोडं काम. तीन, आता नाई थांबली तर. इथी तिनं माहा आधीचा फोटो बाहेर काढला अन् तुह्या तुकड्याच्या बाजूले टांगला. पोरगी हुशार आहे.

तुह्या पत्राबद्दल आता. देवरावनं शेवटी लाज सोडून तुले लिहिलं म्हणे. माही दुखणी मोठी करून लिहिली असतीन. तू मले लिहिते, "पंचीची परीक्षा झाली का मी येतो. बाबाले मी पाहीन, तुमच्या नावावर मी वळीन, तुम्ही ऑपरेशन करून घ्या. मागचं काई काढणार नाई."

मी ते पत्र तीनदा वाचलं. एक अक्षर लागलं नाई तेव्हा बायनाबाईकडून वाचून घेतलं. ती म्हणे, "नशीबवान आहे वो बाई तू, अशी सून कोणाले भेटते." मी म्हटलं, "तुह्या खिडकीत पाहून घे."

येऊ नको.

नीट ऐक. तू आली तर काय होईन? तू म्हाताऱ्याच्या बगलेत हात घालशीन, दिवसातून चारदा. माह्या नावावर हजार वळशीन. मी प्लास्टर घेऊन खाटेवर बसीन अन् तुले पाहीन. माहं हाड निघीन, अन् सहा महिन्यात तुही फट बुजाले लागीन. घरात एक अंगठा बरा अन् एक नवा खराब. हे मी त्या पेटीवर पाहून आली आहे. मले पुन्हा फोटो दाखवून कोणी सांगाची गरज नाई.

देवरावले मी लिहिलं आहे. त्याले दोन अंगठे आहेत, दोन्ही कोरे. बाप त्याचा आहे, तुहा नाई. उत्तर आलं नाई.

गिरजाबाई


पिंपळझोरा,
१३ एप्रिल १९८६

मीरा,

उद्या जयंती. विहारात रंगरंगोटी चालू आहे. परवा सकाळी चंद्रपूरले जातो, सोळा तारखेले हाड काढतीन. पोचूभाऊले सांगितलं तर म्हणे, "गिरजाबाई, काढलेलं हाड मागून घ्या, आम्हाले पाहाले." मी म्हटलं, "तुम्हाले फोटो पाहता आला नाई, हाड काय पाहता." बैठकीतले बाकीचे चार तिथीच होते. मंग सगळ्यांसमोर सांगून टाकलं का मीराचा हात खरंच दुखत होता, डॉक्टरणीनं सांगितलं, अन् त्या दिवशी खोटं फोटो नाई बोलला, मी बोलली. पत्रूभाऊ म्हणे, "आता कशाले जुनं उकरते?" मी म्हटलं, "उकरत नाई. जिथी पुरलं होतं तिथीच दाखवून राह्यली."

तू ह्याले माफी समजू नको. माफी मागाले मी सिंदेवाहीले आली असती. हे फक्त बैठकीतलं आहे, बैठकीत वापस केलं.

देवराव आला, काल. चौदा दिवसाची सुट्टी आहे त्याले. प्लास्टर सहा आठवड्याचं आहे. मले हिशेब कळते, तू सांगू नको. पंधराव्या दिवशी काय करीन ते पंधराव्या दिवशी पाहीन. बायनाबाई म्हणते, ती सकाळचं एक उचलीन. उरले तीन.

आज सकाळी देवरावनं पयल्यांदा बापाले उचललं. मी खाटेपाशी उभी राहून पाहत होती, मदत केली नाई. बापानं त्याले दोन शिव्या दिल्या अन् मंग "मीरा" म्हणून हाक मारली. देवरावचं तोंड पाहासारखं झालं. कोळशाच्या पाट्या भरणारा माणूस, पण माणूस उचलणं वेगळं आहे. खाली ठेवल्यावर हात झटकून म्हणते, "आई, माहा अंगठा दुखून राह्यला."

मी म्हटलं, "फोटो काढून आण. हाड शाबूत निघालं तर विहारात बैठक घेऊ."

तो अंगणात जाऊन बसला. दुपारपर्यंत आत आला नाई. जेवाले आला तेव्हा म्हणे, "मीराले मी घेऊन जातो ब्रह्मपुरीले. दुसऱ्या शनिवारी." मी म्हटलं, "मले काऊन सांगते? तिले लिही." लिहीन का नाई ते पाहाचं. लिहिलं तर जाजो. नाई लिहिलं तरी जाजो. मे महिन्याची दहा तारीख आहे. छोट्या गाडीनं नागभीडले उतर, तिथी गाडी बदल. डॉक्टरीण "गिरजाबाईची सून" म्हटलं का ओळखीन. हे पत्र दाखवलं तरी चालते.

ह्यावेळी आंतरदेशी नाई, पाकीट घेतलं. आत तो फरमा आहे. माह्याकडे आता पत्र्याचा आहे, जाफरभाईनं दिला. हा तुह्या हाताचा आहे, तुह्यापाशी राहू दे. डॉक्टरणीले नव्याच्या बाजूले लावून पाहाचा आहे, हरवू नको. अन् त्यानं पान कापू नको. एक गोष्ट आणखी. पंचशीला मांडीवर सूप घेऊन खेळते म्हणून तुह्या भावाच्या चिठ्ठीत होतं. सूप काढून घे. रडली तर रडू दे.

पुढचं पत्र कधी येईन ठाऊक नाई. डाव्या हातानं "ग" गिरवून पाहिला, जमते. त्या हाताचं हाड जास्त खराब आहे, पण त्याले अजून कोणी सांगितलं नाई, म्हणून काम करून राह्यला.

देवराव गेल्यावर तुह्या मनात येईन का म्हातारी एकटी आहे, चाल जाऊन येतो. मी ओळखतो तुले. येऊ नको. दाराची कडी आतून लावलेली राहीन. एका हातानं लागते का नाई म्हणून आज लावून पाहिली. डाव्या हातानं लागते.

गिरजाबाई